उंबरठ्याआडचे मालकत्व : अमेरिकेतील गृहसेवा संस्थांच्या जबाबदाऱ्यांचा मागोवा

वृद्ध, आजारी किंवा दिव्यांग व्यक्तीच्या घरी मदतनीस पाठवून तिची आंघोळ, कपडे, जेवणखाण, औषधांची आठवण, रात्रीची सोबत अशी दैनंदिन कामे करवून देणाऱ्या संस्थांना या लेखात गृहसेवा संस्था म्हटले आहे. परिचारिकेकडून जखमेची मलमपट्टी किंवा इंजेक्शन यांसारखी वैद्यकीय सेवा घरी पुरवणाऱ्या संस्था त्यांच्याहून वेगळ्या आहेत. अमेरिकेच्या कायद्याने हा भेद पूर्वीपासून पाळला असून वैद्यकीय सेवेवर संघराज्याचे बारीक नियंत्रण, तर बिगरवैद्यकीय सेवेबाबत ज्या त्या राज्याची मर्जी, अशी विभागणी दीर्घकाळ चालत आली आहे. गेल्या पन्नास वर्षांत या बिगरवैद्यकीय संस्थांवर एकामागून एक जबाबदाऱ्या आल्या, परंतु त्या दोन स्वतंत्र वाटांनी आल्या. ग्राहकाचे संरक्षण परवान्याच्या कायद्यात गेले आणि सेविकेचे संरक्षण वेतनाच्या कायद्यात गेले. या दोन वाटा फार उशिरा जवळ आल्या आणि आजही त्या पूर्णपणे एकत्र आलेल्या नाहीत, हे या इतिहासाचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य आहे.

या सेवेची सुरुवात व्यवसाय म्हणून झाली नाही. १९३० च्या दशकातील महामंदीत बेरोजगार स्त्रियांना काम मिळावे म्हणून सरकारी खर्चाने त्यांना आजारी माणसांच्या घरी मदतीस पाठवण्याच्या योजना निघाल्या. त्यामुळे आरंभापासूनच हे काम कल्याणकारी मदत आणि घरकाम यांच्या सीमेवर राहिले. १९३८ चा न्याय्य श्रममानक कायदा, म्हणजे किमान वेतन आणि जादा तासांचा मोबदला ठरवणारा संघराज्याचा मूळ कायदा, घरकाम करणाऱ्यांपर्यंत पोहोचलाच नव्हता. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि अल्प उत्पन्न गटासाठी मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजना सुरू झाल्या. मेडिकेअरने घरी येणाऱ्या वैद्यकीय सेवेचा खर्च उचलताना संस्थांना अटी घातल्या; आंघोळ घालणारी, स्वयंपाक करणारी, रात्री उशाशी बसणारी बाई मात्र त्या अटींच्या परिघाबाहेरच राहिली.

१९७४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, घरकामगारांना श्रममानक कायद्याच्या छत्राखाली आणले, पण त्याच दुरुस्तीत दोन अपवाद ठेवले: अधूनमधून मुले सांभाळणाऱ्या व्यक्ती आणि वय किंवा आजारपणामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाला सोबत करणाऱ्या व्यक्ती. शेजारच्या आजोबांजवळ दुपारभर बसणारी, त्या कमाईवर जिचे घर चालत नाही अशी व्यक्ती या अपवादामागे अभिप्रेत होती, हे त्या वेळच्या संसदीय अहवालांवरून दिसते. पुढल्याच वर्षी, १९७५ मध्ये, श्रम खात्याने केलेल्या नियमांनी मात्र या अपवादाचे रूप पालटले. सोबतीच्या व्याख्येत शुश्रूषा आणि तिच्याशी निगडित घरकाम आले, इतर सर्वसाधारण घरकामाला आठवड्याच्या तासांच्या २० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सेविका कुटुंबाने नेमलेली नसून नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेने नेमलेली असली तरी संस्थेला ही सूट घेता येईल असे ठरवण्यात आले. कुटुंबाची अडचण ओळखून दिलेली सवलत अशा रीतीने व्यवसायाच्या हाती गेली. पुढील चार दशके गृहसेवेच्या धंद्याचे आर्थिक गणित या एका उपनियमावर उभे राहिले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

त्या काळात धंदा वाढण्याची कारणेही सरकारी धोरणातच होती. १९८१ मध्ये राज्यांना मेडिकेडचा पैसा शुश्रूषागृहाऐवजी घरच्या सेवेवर खर्च करण्यासाठी विशेष सवलत मिळू लागली. १९९९ च्या ओल्मस्टेड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग व्यक्तींना गरज नसताना संस्थेत डांबून ठेवणे हा भेदभाव ठरवला आणि घरी राहून सेवा मिळण्याच्या मागणीला १९९० च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार मिळाला. वृद्धांची संख्या वाढत होती, मुले दूरच्या शहरांत होती आणि शुश्रूषागृहापेक्षा घर स्वस्त पडत होते. ते स्वस्त पडण्यामागे सेविकेच्या न मोजलेल्या तासांचा वाटा केवढा होता, याकडे धोरण आखणाऱ्यांनी फारसे पाहिले नाही.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर काम करणाऱ्या, मूळच्या जमैकाच्या एव्हलिन कोक यांनी २००२ मध्ये आपल्या संस्थेवर खटला भरला, तेव्हा हा प्रश्न प्रथमच देशपातळीवर आला. किमान वेतन आणि जादा तासांचा मोबदला मिळावा, एवढीच त्यांची मागणी होती. अपील न्यायालय त्यांच्या बाजूने उभे राहिले, परंतु ११ जून २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने १९७५ चा उपनियम वैध ठरवला. श्रम खात्याला असा नियम करण्याचा अधिकार संसदेने दिला आहे, असे न्यायमूर्ती ब्रायर यांनी लिहिलेल्या निकालाचे सूत्र होते. कोक यांचे २००९ मध्ये निधन झाले. तथापि त्या पराभवातच पुढची दिशा दडलेली होती: नियम करण्याचा अधिकार खात्याचा असेल, तर तो बदलण्याचा अधिकारही खात्याचाच ठरतो.

तो बदल २०१३ मध्ये झाला. नव्या नियमाने सूट केवळ कुटुंबापुरती ठेवली, संस्थांची सूट काढून घेतली आणि सोबतीच्या नावाखाली करता येणाऱ्या शुश्रूषेला २० टक्क्यांची मर्यादा घातली. त्याचा परिणाम सुमारे २० लाख कामगारांवर होणार होता. संस्थांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली, जिल्हा न्यायालयाने नियम रद्द केला, ऑगस्ट २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. तेव्हापासून संस्थेला प्रत्येक सेविकेच्या कामाच्या तासांची नोंद ठेवणे, एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा वेळ कामात धरणे आणि आठवड्याच्या ४० तासांनंतर दीडपट दराने पैसे देणे भाग पडले. चुकीची किंमतही साधी नाही, कारण थकलेल्या वेतनाइतकीच रक्कम भरपाई म्हणून वेगळी द्यावी लागते आणि हेतुपुरस्सर उल्लंघन असेल तर तीन वर्षे मागे जाऊन हिशेब मागता येतो. अनेक संस्थांनी यावर काढलेला उपाय असा की, सेविकेचे तास ४० च्या आत कापायचे आणि एकाच ग्राहकाकडे दोन-तीन सेविका फिरत्या ठेवायच्या. नियम त्यामुळे पाळला जातो, परंतु स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला आठवड्यात तीन अनोळखी चेहरे पाहावे लागतात आणि सेविकेला दुसरी नोकरी शोधावी लागते. या किमतीची नोंद कोणत्याही नोंदवहीत होत नाही.

परवान्याची वाट याच सुमारास कॅलिफोर्नियात विशेष स्पष्ट झाली. २०१३ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेला तेथील गृहसेवा ग्राहक संरक्षण कायदा बिगरवैद्यकीय संस्थांना राज्याच्या समाजसेवा खात्याचा परवाना बंधनकारक करतो आणि तो दर दोन वर्षांनी नव्याने घ्यावा लागतो. संस्थेच्या प्रत्येक सेविकेची राज्याच्या नोंदपटावर नोंदणी झाली पाहिजे, तिच्या बोटांचे ठसे घेऊन गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली गेली पाहिजे आणि तिला क्षयरोग नसल्याचा दाखला असला पाहिजे. कामावर जाण्यापूर्वी पाच तासांचे प्रशिक्षण, त्यात दोन तास कामाची ओळख व तीन तास सुरक्षितता, आणि त्यानंतर दरवर्षी आणखी पाच तास असा दंडक आहे. संस्थेने दर घटनेमागे किमान १० लाख डॉलरचा आणि एकूण ३० लाख डॉलरचा उत्तरदायित्व विमा उतरवावा, म्हणजे सेवेत हानी झाल्यास भरपाई देता यावी, असा नियम आहे. कामावर इजा झालेल्या सेविकेसाठी कामगार भरपाई विमाही असावा लागतो. त्याखेरीज किमान १० हजार डॉलरचा अप्रामाणिकतेविरुद्धचा हमीबाँड घ्यावा लागतो, ज्यातून सेविकेने घरातील ऐवज चोरल्यास नुकसान भरून निघते. ग्राहकाचा छळ किंवा फसवणूक झाल्याचा संशय आला तरी तो यंत्रणेला कळवणे संस्थेचे कर्तव्य आहे.

या सगळ्या अटी रास्त आहेत. अंथरुणाला खिळलेला माणूस दाराची कडीही स्वतः उघडू शकत नाही, तेव्हा आत येणाऱ्याची हमी राज्याने घेतलीच पाहिजे. परंतु ठसे, बाँड आणि नोंदपट यांच्याकडे एकत्र पाहिले असता असे दिसते की, संशयाचा रोख प्रामुख्याने सेविकेवर आहे. पाच तासांत एखाद्याला अर्धांगवायू झालेल्या माणसाला पलंगावरून खुर्चीत बसवायला शिकवता येते असे मानणाऱ्या कायद्याने कौशल्यापेक्षा चारित्र्याला अधिक तपासले, हे मान्य करावे लागते. सेविकेच्या बाजूचा विचार त्याच वर्षी, म्हणजे २०१३ मध्ये, वेगळ्या विधेयकाने झाला: घरकामगार हक्क कायद्याने कॅलिफोर्नियात वैयक्तिक सेविकांना दिवसाच्या नऊ किंवा आठवड्याच्या ४५ तासांनंतर जादा दर मिळू लागला आणि २०१६ मध्ये तो कायमस्वरूपी झाला. एकाच वर्षी, एकाच घरात घडणाऱ्या कामासाठी, विधिमंडळाला दोन निरनिराळे कायदे करावे लागले.

परवान्याची कक्षा कोठे संपते हेही येथे नोंदवले पाहिजे. कॅलिफोर्नियात केवळ सेविकेची गाठ घालून देणाऱ्या मध्यस्थ संस्थांना या परवान्याची गरज नाही, कारण त्या स्वतःला मालक म्हणवत नाहीत. त्यांच्या मार्फत बाई ठेवणारे कुटुंबच अनेकदा मालक ठरते. फ्रीमाँट, सॅन होजे अशा शहरांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही आई-वडिलांसाठी आपली भाषा बोलणारी बाई हवी असते आणि ती ओळखीतून, रोख पैशांवर ठेवली जाते, तेव्हा ठरावीक मर्यादेपलीकडच्या पगारावर सामाजिक सुरक्षेचा कर भरणे आणि कामगार भरपाईचा विमा ठेवणे ही जबाबदारी त्या कुटुंबावर येते. संस्थेचा ताशी दर महाग वाटतो, पण त्यातील बराच भाग या जबाबदाऱ्या संस्थेने उचलल्याचा मोबदला असतो.

न्यूयॉर्कमध्ये वाद वेगळ्या मुद्द्यावर, म्हणजे चोवीस तासांच्या पाळीवर पेटला. तेथील नियमानुसार सेविकेला झोपेसाठी आठ तास, त्यांपैकी पाच सलग, आणि जेवणासाठी तीन तास मिळाले तर २४ पैकी १३ तासांचेच वेतन द्यावे लागते. मार्च २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने हा अर्थ मान्य केला, परंतु विश्रांती प्रत्यक्षात मिळाली नसेल तर संपूर्ण पाळीचे पैसे देणे लागते, हेही स्पष्ट केले. रात्री दर दोन तासांनी कूस बदलावी लागणाऱ्या रुग्णाजवळ पाच तासांची सलग झोप कशी मिळावी, हा प्रश्न संस्थेने सेवेचा आराखडा करतानाच विचारला पाहिजे. तो टाळून पाळी लावणाऱ्या संस्थेने आपली जबाबदारी सेविकेच्या जागरणावर ढकललेली असते.

२०१६ च्या संघराज्य कायद्याने मेडिकेडच्या सेवांसाठी भेटीची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची केली. कोणती सेवा, कोणाला, कोणी, कोणत्या दिवशी, कोठे आणि केव्हापासून केव्हापर्यंत दिली, या सहा बाबी नोंदवाव्या लागतात. खोट्या बिलांना आळा घालणे हा तिचा उद्देश होता, पण तीच नोंद न दिलेल्या तासांचाही पुरावा ठरू शकते, आणि येथे ग्राहकाचे व सेविकेचे संरक्षण प्रथमच एका साधनात एकत्र आले. एप्रिल २०२४ मध्ये अंतिम झालेल्या मेडिकेड नियमाने, सहा वर्षांच्या मुदतीने, अशा सेवांसाठी मिळणाऱ्या रकमेचा किमान ८० टक्के भाग सेविकांच्या मोबदल्यावर खर्च करावा असे ठरवले. त्यावर संस्थांचा आक्षेप असा की दर राज्य ठरवते आणि प्रशिक्षण, विमा, देखरेख यांचा खर्च उरलेल्या २० टक्क्यांत बसत नाही. हा आक्षेप निराधार नाही. जबाबदाऱ्या लिहिणारे सरकार आणि दर ठरवणारे सरकार यांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय परवाना कागदावरच राहतो.

भारतात या क्षेत्राची नोंदणी कायद्यात आणण्याचा प्रयत्न २०१९ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकाने झाला. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणाऱ्या त्या विधेयकात ज्येष्ठांना घरी सेवा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद होती. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक रद्दबातल झाले. मुंबई-पुण्यात ब्युरोतून आया, मावशी किंवा वॉर्डबॉय आणणाऱ्या कुटुंबांसाठी ते विधेयक महत्त्वाचे होते, आणि त्यातही सेविकेच्या तासांचा विचार ज्येष्ठांच्या सुरक्षिततेइतक्या ठळकपणे झाला नव्हता.

अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये श्रम खात्याने २०१३ चा नियम मागे घेऊन १९७५ ची व्यवस्था परत आणण्याचा प्रस्ताव मांडला. तो पूर्ण अमलात आला तरी कॅलिफोर्निया किंवा न्यूयॉर्क येथील संस्थांच्या जबाबदाऱ्या त्याने संपत नाहीत, कारण संघराज्याच्या कायद्यापेक्षा अधिक संरक्षण देण्याची मुभा राज्यांना आहे आणि या राज्यांनी आपल्या तरतुदी स्वतःच्या कायद्यात लिहिल्या आहेत. ज्या राज्यांनी बिगरवैद्यकीय गृहसेवेसाठी परवानाही ठेवलेला नाही आणि वेतनाचा स्वतंत्र कायदाही केलेला नाही, तेथील सेविकेचा आठवड्याचा एकेचाळिसावा तास पुन्हा संस्थेच्या मर्जीवर जाईल.