'खाडा' परवडत नाही म्हणून गर्भपिशवी काढली, आणि काम आणखीच जड झालं

बीडच्या ऊसतोड मजुरांमध्ये एक शब्द लहान पोरांनाही माहीत असतो, 'खाडा'. खाडा म्हणजे कामाला दांडी. ऑफिसात आजारपणाची रजा टाकली तरी पगार चालू राहतो. इथे खाडा पडला की त्या दिवसाची कमाई तर बुडतेच, वर दंडही लागतो. एका खाड्याला 500 रुपये कापल्याच्या तक्रारी महिलांनी केल्या आहेत.

हा दंड येतो कुठून?

हंगाम सुरू होण्याआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला 'उचल' देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. हिशोबात ही जोडी म्हणजे एक 'कोयता'. माणसं दोन, कोयता एक! पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून ती उचल फेडायची. मजुरी टनावर मिळते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, पण पद्धत तीच राहिली. त्यामुळे बायको आजारी पडली की अख्खा कोयता थांबतो आणि उचल अंगावर राहते.

आता त्या बाईचा दिवस बघा. पहाटे अंधारात उठून स्वयंपाक, पाणी, पोरांचं आवरणं. मग फडात तोडणी, मोळ्या बांधणं आणि त्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवणं. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. राहायला प्लॅस्टिकची कोपी, ना संडास ना न्हाणी. पाळीच्या दिवसांत कापड बदलायलाही आडोसा नाही. यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. सुरुवातीला साध्या गोळ्यांनी बरा होणारा त्रास. पण दवाखाना म्हणजे खाडा, म्हणून तो अंगावर काढला जातो.

शेवटी खासगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि 'पिशवी काढून टाका' म्हणतो. पाळीची कटकट जाईल, खाडे वाचतील, असा हिशोब घरातही पटतो.

2019 मध्ये हा प्रकार गाजला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे जवळपास 17 टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातल्या महिलांमध्ये हे प्रमाण देशभरात 3 टक्क्यांच्या आसपास होतं.

मग खाडे वाचले का?

इथेच सगळा हिशोब उलटा पडतो. गर्भाशयासोबत बीजकोषही काढले तर शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम घटतं. तिशीतल्या बाईला पन्नाशीतले त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात, सांधे आणि कंबर धरते. बीजकोष ठेवले तरी ते लवकर थकण्याची शक्यता वाढते. शिवाय ऑपरेशननंतर काही आठवडे जड उचलायचं नसतं, पण कर्ज काढून केलेलं ऑपरेशन फेडायला बाई लगेच फडात जाते. काम करता यावं म्हणून केलेली शस्त्रक्रिया कामाची ताकदच काढून घेते.

यात आळस किंवा 'स्टॅमिना' नसण्याचा प्रश्न येतोच कुठे? एका पगारी सुट्टीने आणि फडाजवळच्या एका संडासाने यातली बरीच ऑपरेशनं टळली असती. पण ही सोय करायची कुणी? कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी मध्यस्थ, आणि शेतकऱ्याचा फड तर दोन दिवसांत रिकामा होतो. कागदावर मालकच नाही, त्यामुळे ईएसआय नाही आणि बाळंतपणाची पगारी रजाही नाही.

2019 नंतर काय बदललं?

बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. हा आधार दिसतो तेवढा लहान नाही. पोरं गावातच शाळेत राहिली, तर आईला फडात त्यांच्यावर डोळा ठेवत कोयता चालवावा लागत नाही.

परवानगीच्या नियमाने ऑपरेशनला चाप बसला. खाड्याच्या दंडाला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही.