अडीच मिलिमीटर

हळदीच्या हंगामात हिंगोलीच्या मोंढ्याचा वास कपड्यांतून जात नाही. तिथून जवळच्याच एका पॅथॉलॉजी लॅबच्या मागच्या खोलीत मात्र फॉर्मेलीनपुढे हळदही हरते. आधी डोळे चुरचुरतात, मग घसा. फळीवर प्लास्टिकच्या बरण्या आणि बरण्यांत आसपासच्या दवाखान्यांतून आलेल्या 'पिशव्या', म्हणजे काढलेली गर्भाशयं.

मी तिथे गेले ती बीडच्या एका आकड्यामुळे. 2019 च्या सरकारी पाहणीत तिथल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली होती. आमच्या सेनगाव-औंढ्याच्या तांड्यांवरूनही दरसाल ऊसतोडीला कोयते निघतात. पाळीत दुखलं म्हणून घरी थांबलं तर खाडा पडतो आणि आगाऊ घेतलेली उचल तर फेडायचीच असते. मग कोणीतरी सांगतं, काढून टाक, मोकळी हो. पण त्या पिशवीत बिघडलं काय होतं, ते कोणी बघतं का?

बघतात. डॉक्टरांनी एक पिशवी उभी चिरली. भिंत जाड, पीळदार, मध्येमध्ये रक्ताचे काळपट ठिपके. "ॲडिनोमायोसिस वाटतोय," ते म्हणाले. "पण काच सांगेल. अस्तराच्या हद्दीपासून अडीच मिलिमीटर आत ग्रंथी दिसल्या पाहिजेत." गर्भाशयाचं आतलं अस्तर स्वतःच्याच स्नायूत घुसतं, तो हा आजार. तसलंच अस्तर गर्भाशयाबाहेर, बीजकोशावर किंवा आतड्यावर रुजलं तर एंडोमेट्रिओसिस.

तुकडे अल्कोहोलातून, झायलिनमधून मेणात जातात, त्याचा ठोकळा होतो. पुढचं काम मायक्रोटोमवरच्या ताईंचं. त्या चाक फिरवतात आणि पात्यावरून चार मायक्रॉनची मेणाची पट्टी शेवईसारखी सुटत येते. ब्रशच्या टोकाने ती उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती पडू द्यायची नाही, खालून काच घालून अलगद धरायची. पंखा बंद, बोलणंही बंद. पट्टी काचेवर बसली तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या मावशीची तिशीतच काढली. रिपोर्ट कुठाय विचारलं तर म्हणली, कशाचा रिपोर्ट? पिशवी सडली म्हणे." आणि पुन्हा चाक.

रंगवलेली काच डॉक्टरांनी मला दाखवली. गुलाबी स्नायूच्या खोल आत जांभळ्या ग्रंथींची बेटं. अडीच मिलिमीटरची अट केव्हाच ओलांडलेली. या बाईचं दुखणं नाटक नव्हतं, एवढं त्या काचेने सिद्ध केलं. पुढची काच एकतीस वर्षांच्या बाईची होती. डॉक्टर ती बराच वेळ सरकवत राहिले. "हिच्यात काही नाही." रक्तस्राव हार्मोन्सच्या गडबडीनेही होतो, ती काचेवर दिसतेच असं नाही, हे त्यांनी लगेच जोडलं. मान्य. पण त्या गडबडीला गोळ्या असतात.

अस्तर तिथे पोचलं हे काच सांगते. का पोचलं, हे सांगत नाही. 1927 मध्ये अमेरिकेच्या जॉन सॅम्पसन यांनी एंडोमेट्रिओसिसबद्दल मांडलं की पाळीचं रक्त बीजवाहिन्यांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. पण असं उलटं रक्त बहुतेक बायकांच्या पोटात जातं आणि एंडोमेट्रिओसिस होतो सुमारे दहांतल्या एकीला. बाकीच्या नऊ जणींची प्रतिकारशक्ती त्या पेशी साफ करते का? या रोगातल्या पेशी स्वतःच इस्ट्रोजेन तयार करतात आणि प्रोजेस्टेरॉनला दाद देत नाहीत, हे आता कळलंय. 2019 मध्ये जपानी संशोधकांना ॲडिनोमायोसिसच्या पेशींत कर्करोगात आढळणारा केरास जनुकातला बदल सापडला, तोही कर्करोग नसताना. 2023 मध्ये साठ हजारांवर रुग्णांच्या अभ्यासातून जनुकसंचातल्या 42 जागा एंडोमेट्रिओसिसशी जोडल्या गेल्या. त्या रुग्ण युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. आपल्याकडच्या बायका त्यात नाहीत.

ती उणीव भरायला परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेने देशातल्या इतर केंद्रांना सोबत घेऊन भारतीय रुग्णांचा जनुकीय अभ्यास हाती घेतला आहे. अशा कामाला रक्त लागतं, गोठवलेली ताजी ऊती लागते आणि बाईची सविस्तर हकीकत लागते. दुखणं कधी सुरू झालं, कुठे, किती. या खोलीत यातलं काहीच येत नाही. फॉर्मेलीन ऊतीचा आकार राखतं, पण आतल्या डीएनएचे तुकडे पाडतं. सोबतच्या चिठ्ठीवर नाव, वय आणि 'पोटात दुखणे'. ठोकळे कपाटात जातात आणि बरणीत उरलेलं बायोमेडिकल कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. इतकी गर्भाशयं काढणाऱ्या मराठवाड्याने 'का'च्या शोधाला त्यातलं जवळपास काही दिलं नसेल, तर ती नासाडीच म्हणायची.

परळचं उत्तर यायचं तेव्हा येईल. तोवर घरात कोणाला "पिशवी काढा" असं सांगितलं, तर आजाराचं नाव कागदावर लिहून मागा आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. ॲडिनोमायोसिस सोनोग्राफीतही दिसू शकतो, हार्मोनच्या गोळ्या आणि गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधनही मिळतं. पिशवीसोबत बीजकोशही काढणार का, हे विचाराच, कारण ते तरुणपणी गेले की हाडं लवकर ठिसूळ होतात. आणि काढलीच, तर बायोप्सीचा रिपोर्ट घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका.