विश्लेषण : सपाट किनाऱ्यावरचा सायकलपटू ‘घाटाचा राजा’ होऊ शकतो?

शनिवारी सकाळी मांडव्याच्या धक्क्यावर रो-रो बोट लागली की गाड्यांबरोबर सायकलस्वारांचे घोळकेही उतरतात. किहीम, थळ, अलिबाग असा त्यांचा ठरलेला फेरा. रस्ता बहुतांशी सपाट, दोन्हीकडे नारळी-पोफळी. तासाला २५ किलोमीटरचा वेग सहज जमतो आणि आत्मविश्वास वाढतो. मग कधी तरी बेत ठरतो, ‘एकदा बोरघाट चढू या!’ चोंढी नाका, कार्लेखिंड, पोयनाड, वडखळ, पेण करत खोपोली गाठली जाते. तिथून पुढे दोन किलोमीटरही होत नाहीत तोच पाय भरून येतात. असे का होते?

घाटात नेमके काय बदलते?

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची मुख्य लढाई हवेशी असते. म्हणून शर्यतीत सगळे एकमेकांच्या मागे लपतात. पुढच्याच्या आडोशाने मागच्याची बरीच शक्ती वाचते. चढावर वेग उतरतो, हवेचा अडथळा कमी होतो आणि गुरुत्वाकर्षण समोर उभे राहते. तिथे आडोसा फारसा कामाला येत नाही.

साधा हिशेब पाहा. स्वार आणि सायकल मिळून वजन ८५ किलो धरले आणि खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतची चढण सुमारे ५०० मीटर धरली, तर हे ओझे दीडशेहून अधिक मजले वर न्यावे लागते. तेही मध्ये न थांबता.

‘आठ टक्के चढ’ म्हणजे काय?

१०० मीटर पुढे गेल्यावर रस्ता ८ मीटर वर जात असेल, तर तो आठ टक्के चढ. ‘टूर द फ्रान्स’मधला प्रसिद्ध आल्प द्युएझ हा घाट १३.८ किलोमीटर लांब, २१ वळणांचा आणि सरासरी सुमारे आठ टक्क्यांचा आहे. या शर्यतीत चढांची प्रतवारी असते. चौथी श्रेणी सर्वात सोपी, पहिली अवघड आणि त्याहून बिकट घाट थेट ‘श्रेणीबाह्य’. घाटांवर सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला १९७५ पासून पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी मिळते.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला जातो. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या ‘पुणे ग्रँड टूर’मुळे जागतिक सायकलिंग महासंघाच्या दर्जाची ४३७ किलोमीटरची टप्प्यांची शर्यतही सह्याद्रीच्या रस्त्यांवर आली.

महागडी सायकल घेतली की चढ सोपा होतो?

थोडाच. चढावर शरीराच्या दर किलो वजनामागे किती वॅट शक्ती निघते, हे निर्णायक असते. अव्वल व्यावसायिक सायकलपटू लांब घाटात किलोमागे सहा वॅटच्या आसपास शक्ती टिकवतात. हौशी स्वाराला तीन वॅटही तासभर टिकवणे जड जाते. शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी नसावे, असा महासंघाचा नियम आहे. म्हणजे अव्वल स्पर्धकांमधला फरक सायकलीत कमी, पायांत आणि फुप्फुसांत अधिक.

सामान्य स्वाराने दोन किलो हलकी सायकल घेतली, तर पाऊण तासाच्या चढात जेमतेम मिनिटभर वाचते. पोटावरचे दोन किलो उतरवले तरी तेवढाच फायदा आणि तो फुकट!

मग चूक कुठे होते?

पहिल्या दोन किलोमीटरमध्ये. पाय ताजे असतात, शेजारचा पुढे जातो आणि आपण त्याच्या मागे लागतो. दम एकदा तुटला की घाटात तो परत मिळवायला जागाच नसते. म्हणून सुरुवातीपासून हलका गिअर, मिनिटाला ७० ते ८० पेडल आणि एखादे वाक्य सलग बोलता येईल इतकाच जोर.

दुसरी चूक उकाड्याची. चढावर वेग कमी, म्हणून अंगाला वारा कमी. कोकणच्या दमट हवेत घामही लवकर वाळत नाही. शरीर आतून तापत जाते. १९६७ मध्ये फ्रान्सच्या माँ व्हान्तू डोंगरावर टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू शर्यतीतच कोसळून मरण पावला. उन्हाचा कडाका, अतिश्रम आणि उत्तेजक द्रव्य यांनी मिळून त्याचा बळी घेतला. गरगरणे, थंडी वाजणे, घाम अचानक थांबणे ही लक्षणे दिसली, तर सावलीत थांबण्यात कमीपणा नाही.

किहीमला राहून तयारी होऊ शकते?

होऊ शकते. समुद्रावरून येणारा समोरचा वारा हाच इथला घाट. वाऱ्याविरुद्ध दहा-दहा मिनिटांचे तीन-चार टप्पे एकसारख्या जोराने मारावेत. कार्लेखिंडीचा छोटा चढ चार-पाच वेळा करावा. सहा-आठ आठवड्यांत फरक जाणवतो.

आणि उतार विसरू नका. चढताना फक्त दम जातो, उतरताना जीव जाऊ शकतो. निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर तपासा, वळणाच्या आधीच वेग कमी करा. द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे, त्यामुळे जुनाच रस्ता धरा आणि ट्रकची वर्दळ वाढण्याआधी, पहाटेच घाटाला लागा.

किताब एकालाच मिळतो. पण पाय न टेकता खंडाळा गाठणे, हे सपाट किनाऱ्यावरच्या कुणालाही जमण्यासारखे आहे.