मोंतोनेची मुक्ती आणि नाईक यशवंत घाडगे

नगरे मुक्त झाल्याचा इतिहास वाचताना आपल्या डोळ्यांपुढे राजधान्याच उभ्या राहतात. पण दुसऱ्या महायुद्धात इटली मुक्त झाली ती एकेक टेकडी, एकेक खेडे झुंजून घेत. त्यांपैकी मोंतोने या गावाशी महाराष्ट्राचे रक्ताचे नाते जडले आहे. नीरेकाठच्या वालचंदनगरकरांपुढे ती टायबरकाठची हकीकत आम्ही मांडीत आहोत.

मोंतोने हे मध्य इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यातील एका टेकडीवर वसलेले, वालचंदनगराहूनही लहान गाव. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली. जर्मन फौजांनी मात्र देश सोडला नाही. ४ जून १९४४ रोजी रोम त्यांच्या हातून गेले. उत्तरेच्या डोंगरांत नवी संरक्षक फळी पक्की करण्यास त्यांना अवधी हवा होता. म्हणून माघार घेतानाही ते उंचवट्यांवर मशिनगन रोवून वाट अडवीत. याच खोऱ्यातून दहावी भारतीय डिव्हिजन वर सरकत होती, आणि तीत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती.

१० जुलै १९४४ रोजी या पलटणीच्या एका तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. तुकडीतील सारे शिपाई ठार वा जखमी झाले; उरले ते एकटे तुकडीप्रमुख, माणगाव तालुक्यातील २२ वर्षांचे नाईक यशवंत घाडगे. त्यांनी धाव घेऊन हातबॉम्बने ती मशिनगन बंद पाडली, एकास गोळी घातली आणि गोळ्या पुन्हा भरण्यास सवड नाही असे पाहून बंदुकीच्या दस्त्यानेच उरलेल्या दोघांना लोळविले. पण शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. जिंकलेल्या मोर्च्यातच त्यांचा अंत झाला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्यांची कबर वा समाधी कोठेच नाही. कासिनो येथील युद्धस्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे आणि माणगावी पुतळा आहे. मोंतोनेत स्मारक झाले ते २०२३ साली, तब्बल ७९ वर्षांनी. ते छायायंत्राच्या, म्हणजे सावलीवरून वेळ दाखविणाऱ्या घड्याळाच्या रूपाचे आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली नांदतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे.

येथे एक प्रश्न विचारला जाईल. ज्याचा देशच पारतंत्र्यात होता, त्याने परक्यांना मुक्त करावे, हे कसे? त्याच वर्षांत साताऱ्याकडे नाना पाटलांचे प्रतिसरकार इंग्रजांशी झुंजत होते, हे खरेच. परंतु एकाचा गौरव केल्याने दुसऱ्याचे तेज उणावते, असे आम्हांस वाटत नाही. इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. युद्ध कोणाच्या हुकुमावरून झाले, हे त्यांनी ठरविले नव्हते. मोंतोनेच्या लोकांना सुटका मात्र त्यांच्यामुळे लाभली. त्या लोकांनी ते ऋण दगडात कोरून ठेवले. आपण निदान आपापल्या गावातून त्या युद्धावर कोण गेले आणि कोण परतले नाहीत, एवढे तरी नोंदवून ठेवावे.