नागपूर : नगराची स्थापना आणि जिल्ह्याची प्रारंभिक जडणघडण

प्रस्तावना :
नाग नदीकाठी वसलेल्या नागपूर नगराची स्थापना सामान्यतः इ.स. १७०२ मध्ये झाली असे मानले जाते. तथापि हे नाव त्याहून सुमारे साडेसात शतके जुने आहे. प्रदेशनामाची प्राचीनता आणि नगराची स्थापना यांत गल्लत झाल्यास स्थापनेचे श्रेय ज्या गोंड राजवटीला जाते, तीच विस्मरणात जाण्याचा धोका संभवतो. म्हणून या दोन्ही बाबींचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते.

प्राचीन उल्लेख :
वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे सापडलेल्या राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या ताम्रपटात (शके ८६२, इ.स. ९४०) 'नागपूर-नंदिवर्धन' या विषयाचा उल्लेख आढळतो. 'विषय' म्हणजे तत्कालीन प्रशासकीय विभाग. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळील आजचे नगरधन. ही एकेकाळी वाकाटकांची राजधानी होती. यावरून या नावाचा प्रशासकीय विभाग दहाव्या शतकात अस्तित्वात होता, एवढे निश्चित होते. आजच्या नगराचे अस्तित्व मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

नगराची स्थापना :
देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 'राजापूर बारसा' म्हणून ओळखली जाणारी बारा खेडी एकत्र करून नगर वसविले. त्याचा उत्तराधिकारी चांद सुलतान याने देवगडहून राजधानी येथे हलविली, नगराला तट बांधला आणि जुम्मा तलाव निर्माण केला. हाच पुढे शुक्रवारी तलाव व आज गांधीसागर म्हणून ओळखला जातो. १७३९ मध्ये चांद सुलतानच्या निधनानंतर वारसाकलह उद्भवला. त्यात हस्तक्षेप करणाऱ्या रघूजी भोसले यांच्याकडे १७४३ पर्यंत सत्ता आली. येथून मराठी भाषकांच्या इतिहासाशी नागपूरचे नाते अधिक दृढ झाले.

जिल्ह्याची घडण :
१८५३ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी बनले. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला आणि १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली.

निष्कर्ष :
सारांश, ताम्रपट प्रदेशनामाची प्राचीनता सांगतो. नगररचनेचे श्रेय गोंड राजांचे, विस्ताराचे भोसल्यांचे, तर आधुनिक जिल्ह्याची चौकट ब्रिटिश प्रशासनाची आहे. स्थानिक इतिहासाचे अध्यापन करताना हे चारही स्तर स्वतंत्रपणे मांडले, तरच कोणत्याही एका राजवटीवर अन्याय होणार नाही.