सायकोपाय : लॅपटॉपमध्ये मावणारी मानसशास्त्राची प्रयोगशाळा

पडद्यावर 'हिरवा' हा शब्द उमटतो, पण अक्षरं लाल रंगात असतात. शब्द वाचायचा नाही, रंग ओळखायचा आणि कळ दाबायची. जवळजवळ प्रत्येकाचं बोट क्षणभर अडखळतं. १९३५ मध्ये जॉन रिडली स्ट्रूप यांनी अमेरिकेत हे अडखळणं मोजलं, तेव्हा त्यांच्याकडे छापील तक्ते आणि घड्याळ एवढंच होतं. शंभर शब्दांच्या अख्ख्या तक्त्याला किती वेळ लागला ते कळायचं, पण नेमक्या कोणत्या शब्दाला माणूस थबकला ते कळायचं नाही. आज हाच प्रयोग साध्या लॅपटॉपवर करता येतो, आणि दर शब्दाचा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत नोंदवता येतो. त्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरांपैकी एक म्हणजे 'सायकोपाय'. ते फुकट मिळतं.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा जुनी आहे. पुणे विद्यापीठात १९५० मध्ये सुरू झालेल्या विभागाचं नावच 'प्रायोगिक मानसशास्त्र' असं होतं. पुढे कॉलेजांमध्ये विषय पसरला तसा प्रात्यक्षिकांचा तास आला. शब्द एकेक करून दाखवणारा मेमरी ड्रम, क्षणभरच चित्र दाखवणारा टॅचिस्टोस्कोप, आरशात बघून चांदणी गिरवायचं उपकरण आणि स्टॉपवॉच, असा सरंजाम कपाटात असायचा. स्टॉपवॉचची अडचण अशी की ते दाबणाऱ्या विद्यार्थ्याचा स्वतःचाच प्रतिक्रियाकाळ मोजणीत मिसळतो. जो फरक शोधायचा तोच सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा असेल, तर अशा मोजणीवर भिस्त ठेवता येत नाही.

सायकोपायची सुरुवात २००२ मध्ये झाली. जोनाथन पीअर्स हे दृष्टीचा अभ्यास करणारे संशोधक. त्यांनी पायथन या मुक्त संगणकभाषेत स्वतःच्या प्रयोगांसाठी हे साधन लिहायला घेतलं आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. त्याआधी 'सायकटूलबॉक्स' होतं, पण ते मॅटलॅब या संगणकप्रणालीवर चालायचं आणि मॅटलॅबचा परवाना विकत घ्यावा लागायचा. 'ई-प्राइम' हे साधनही विकतचंच. पुढे 'ओपनसेसमी' हे आणखी एक मुक्त साधन आलं. परवान्याचा खर्च हा मुद्दा किरकोळ नाही. ग्रामीण कॉलेजात मानसशास्त्राचा विभाग एखाद-दोन प्राध्यापकांवर चालतो आणि यंत्रसामग्रीचं बजेट मागता मागता वर्ष सरतं. तिथे फुकट आणि खुलं असणं हाच सर्वांत मोठा गुण.

प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांसाठी यात 'बिल्डर' नावाची खिडकी आहे. मधल्या भागात एक वेळपट्टी दिसते. तिच्यावर शब्द, चित्र, आवाज, कीबोर्ड असे घटक ठेवायचे आणि प्रत्येक घटक कधी सुरू होणार, कधी संपणार ते लिहायचं. स्ट्रूपसाठी दोन घटक पुरतात : एक शब्द आणि एक कीबोर्ड. शेजारी एक्सेलची फाइल बनवायची. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात अक्षरांचा रंग, तिसऱ्यात बरोबर उत्तराची कळ. बिल्डरमध्ये शब्दाच्या जागी रकान्याचं नाव डॉलरच्या चिन्हासह टाकलं, की सॉफ्टवेअर एकेक ओळ उचलून पडद्यावर आणतं. ओळींचा क्रम दर वेळी बदलायला सांगता येतो. प्रयोग संपला की हातात तक्ता येतो : कोणती कळ दाबली, बरोबर की चूक, किती वेळ लागला.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. नेहमीचा लॅपटॉप सेकंदाला ६० वेळा पडदा नव्याने रंगवतो, म्हणजे अशा एका रंगवण्याला, एका चौकटीला, सुमारे १६.७ मिलिसेकंद. तीन चौकटींचे ५० मिलिसेकंद होतात, सहांचे १००. पण ४० मिलिसेकंद दाखवा म्हटलं तर अशा पडद्यावर ते शक्यच नाही, कारण दोन चौकटी कमी पडतात आणि तीन जास्त होतात. म्हणून जाणकार वेळ सेकंदांत न देता चौकटींत देतात, आणि सायकोपायमध्ये तशी सोय आहे. २०२० मध्ये पीअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक साधनांची वेळेची अचूकता उपकरणं लावून तपासली. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर सायकोपाय, सायकटूलबॉक्स, ई-प्राइम यांच्या वेळेतला चढउतार एका मिलिसेकंदाच्या आत राहिला, ब्राउझरमधून चालणाऱ्या साधनांत तो वाढला. तपासणारे स्वतः सायकोपायचे कर्ते होते, पण त्यांनी पद्धत आणि आकडे खुले ठेवले आहेत.

आपल्याला खरी मेहनत घ्यावी लागते ती देवनागरीसाठी. काही संगणकांवर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच बाजूला जाते. खात्रीचा उपाय म्हणजे शब्दाचं चित्र करून तेच दाखवायचं. वेळ जातो, पण तो घालवलाच पाहिजे, कारण वेलांटीची जागा वाचनाच्या वेगावर परिणाम करते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार मात्र नंतर होतो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात अशा शब्दांना जास्त वेळ लागल्याचं दिसलं. स्ट्रूपचे शब्द निवडतानाही 'निळा', 'हिरवा', 'पिवळा' यांत वेलांटी आहे आणि 'लाल'मध्ये नाही, याचा विचार आधीच करावा लागतो.

आता हाच लॅपटॉप नंदुरबार जिल्ह्यात नेऊ. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथली ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्कलकुवा, धडगावकडच्या मुलाची घरची भाषा भिलोरी किंवा पावरी, नवापूरकडे मावची, तर बाजारात अहिराणी आणि गुजरीही कानावर पडते. शाळेतली मराठी त्याला शिकावी लागते. या मुलाला स्ट्रूपचा मराठी प्रयोग दिला तर काय होईल? वाचन सरावाचं झालेलं असेल तरच शब्द रंगाच्या आड येतो. ज्याचं मराठी वाचन अजून चाचपडत चालतं, तो अडखळणारच नाही. तक्त्यावर त्याचे आकडे उत्तम दिसतील आणि 'लक्षावर विलक्षण ताबा' असा निष्कर्ष निघेल. तो साफ चुकीचा असेल. उलट, मराठीत सूचना वाचून करायची स्मरणाची चाचणी दिली, तर त्याच मुलाची स्मरणशक्ती कमी ठरेल. दोन्ही वेळा मोजलं जातं ते त्याचं मराठी.

ही अडचण एकट्या नंदुरबारची नाही. मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांमधले ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते आणि त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते, याकडे हेनरिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी २०१० मध्ये लक्ष वेधलं. त्या आधारावर 'माणसाचं मन असं चालतं' असे सिद्धांत पाठ्यपुस्तकांत गेले आणि आपण ते पाठ केले.

भाषेच्या अडचणीवरचा उपाय याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. १९७२ मध्ये फिलिप कॉर्सी यांनी मांडलेल्या स्मरणाच्या चाचणीत शब्दच लागत नाहीत : नऊ चौकोन असतात, त्यांतले काही एकामागून एक दाखवले जातात, आणि मुलाने त्याच क्रमाने त्यांना बोट लावायचं. सायकोपायमध्ये ती बांधता येते. सूचना लिहून न दाखवता पावरी बोलणाऱ्या एखाद्या ताईच्या आवाजात ऐकवता येतात, कारण आवाज हाही वेळपट्टीवरचा एक घटकच आहे. एकदा लॅपटॉपवर बसवलं की प्रयोग चालवायला इंटरनेट लागत नाही. सातपुड्यात नेटवर्क गेलं म्हणून काम अडत नाही. मात्र पालकांची संमती त्यांच्या भाषेत समजावून घेतलीच पाहिजे, आणि मूल कंटाळलं तर तिथेच थांबलं पाहिजे. आश्रमशाळेतली मुलं एका जागी सापडतात म्हणून ती प्रयोगाला हक्काची होत नाहीत.

नंदुरबार, शहादा, तळोदा इथे मानसशास्त्र शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती आहे. या वर्षीच्या प्रात्यक्षिकांपैकी एक तरी सायकोपायवर बांधा आणि त्याच्या सूचना भिलोरी, पावरी, मावची बोलणाऱ्या आपल्याच विद्यार्थ्यांच्या आवाजात रेकॉर्ड करा. त्या फाइली सगळ्यांसाठी खुल्या ठेवा, म्हणजे पुढच्या कॉलेजला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.