‘रीजनरेट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व त्याचा योग्य वापर

शेती व वनविषयक इंग्रजी पत्रकांत ‘रीजनरेट’ हे क्रियापद वारंवार आढळते. त्याचे मूळ लॅटिन असून ‘पुन्हा उत्पन्न करणे’ हा त्याचा धात्वर्थ आहे. मराठीत त्यासाठी बहुधा ‘पुनरुज्जीवन करणे’ असे लिहितात. परंतु तेवढ्याने भागत नाही. शब्दाचा अर्थ ढोबळ घेतला, तर दिलेला सल्लाही चुकतो व त्याचे नुकसान शेतकऱ्यास सोसावे लागते.

इंग्रजीत हे क्रियापद सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही रीतींनी चालते. पाल आपली तुटलेली शेपटी पुन्हा निर्माण करते, येथे ते सकर्मक होय. तोडलेले जंगल पुन्हा वाढते, येथे ते अकर्मक होय. मराठीत या दोहोंना निरनिराळे शब्द आहेत. झाड आपणहून ‘पालवते’, खोड ‘फुटते’. बागेचे ‘पुनरुज्जीवन’ मात्र माणूस करतो. यास्तव वाक्याचा कर्ता निसर्ग की शेतकरी, हे प्रथम पाहावे.

त्यानंतर पुन्हा फुटण्याची शक्ती त्या झाडात आहे काय, हे पाहावे. पनवेल तालुक्यातील रोडपालीसारख्या खाडीलगतच्या गावांना तिवर परिचित आहे. तिवराचे खोड तोडले तरी त्यास पुन्हा धुमारे येऊ शकतात. कांदळाचे तसे नाही. त्याच्या जुन्या लाकडात फुटण्याजोगे डोळे उरत नाहीत. झाडावरच रुजलेली त्याची लांबट रोपे गळून चिखलात रुततात, तेव्हाच नवी वाढ होते. दोन्ही झाडांना भरती-ओहोटीचे पाणी लागते. बांध घालून ते अडविल्यास पुनर्वाढ खुंटते. फुटवा येतो म्हणून तिवर तोडावे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली अंतरिम आदेशाने व 2018 साली अंतिम निकालाने कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आहे.

बागायतीतही हाच भेद आहे. जुना, दाटलेला आंबा योग्य छाटणीने नवा होतो. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी, खोडकिड्यावर लक्ष ठेवावे व नव्या फुटव्यांची विरळणी करावी. या कामास इंग्रजीत ‘रिजुव्हिनेट’, म्हणजे पुन्हा तरुण करणे, असे म्हणतात. नारळ व सुपारी यांना मात्र वाढीचा शेंडा एकच असतो. तो छाटल्यास झाड मरते. तेथे नवी रोपे लावणे हाच बाग राखण्याचा मार्ग होय.

‘रिक्लेम’ हे क्रियापद याहून वेगळे आहे. खारजमिनीस बांध घालून व पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन ती लागवडीस आणणे, हा त्याचा अर्थ होय.

सारांश, असे पत्रक शेतकरी बंधूंना समजावून देताना ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी केवळ प्रतिशब्द सांगून थांबू नये. काम कोणी करावयाचे व झाड कोठून फुटणार, हे स्पष्ट सांगावे. त्याचा उलगडा झाल्यावाचून कोयता हाती घेऊ नये.